ऑफिसात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण ठेवायचंय, अनुभव सांगा (घरच्यांचेही चालतील)

चाकणकर

मंडळी, सल्ला हवाय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी चाकणला एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रशासनात आहे. तिन्ही पाळ्या धरून दोनशे चाळीसेक माणसं. मागच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअर्समधला एक सहकारी ताटावरच कलला. शर्ट घामाने चिंब, डोळे अर्धवट उघडे, हाक मारली की नुसतं 'हं'. भोवती चौदा-पंधरा जण उभे. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने पेल्याने तोंडात पाणी ओतायला घेतलं, ते सगळं हनुवटीवरून गळ्यात. तिसरा मोबाइलवर शूटिंग करत होता. मी प्रथमोपचार पेटीकडे धावलो. पेटीला कुलूप. चावी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरकडे आणि तो यायला अजून पावणेदोन तास. कुलूप फोडलं. आत टिंक्चर आयोडीनची सुकलेली बाटली, कात्रीचं एकच पातं, २०१८ मध्ये मुदत संपलेलं मलम आणि कुणाचं तरी फोटो पुसलेलं आयकार्ड.

शेवटी कँटीनच्या मावशी भांडी टाकून आल्या. "अरे शुगर हाय त्याला. सकाळी इंजेक्शन घेतलंय आन् नाश्ता नाय केला." त्यांनीच साखरेचं घट्ट पाणी चमच्या-चमच्याने पाजलं. पंधरा मिनिटांत गडी उठून बसला आणि म्हणाला, "माझं ताट कुणी उचललं?"

सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

साहेबांनी एका दिवसाच्या प्रशिक्षणाला होकार दिलाय. कोणाकडून घ्यावं? एका दिवसात माणसं खरंच काही शिकतात का? आणि हेच घरी कसं शिकवायचं? आई-बाबा सत्तरीचे, धाकटी दीड वर्षाची.

ढब्बू_मिरची

आधी मावशींना पगारवाढ द्या. बाकी चर्चा नंतर.

जुना_खेळाडू

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा सगळा फोटोचा कार्यक्रम असतो. आमच्याकडे दर वर्षी सुरक्षा सप्ताहात होतो. ४ मार्चला शपथ, मग बॅनर, मग साहेबांचं भाषण, मग सरावाची एक बाहुली आणि एकशे वीस माणसं. त्यातली पाच जण बाहुलीला हात लावतात, उरलेले समोसा कधी येतो ते बघतात. प्रमाणपत्र मात्र एकशे वीस. ज्याच्या अंगात धीर आहे तो न शिकताही पुढे होतो. नाही तो शिकूनही मागेच राहतो.

बोरकूट

जुना_खेळाडू, तुमच्या फोटोच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत, धीराच्या मुद्द्याशी अजिबात नाही. चाकणकरांकडे ज्याने तोंडात पाणी ओतलं, तो धीराचाच होता की! पुढे झाला म्हणूनच तर ओतलं.

सेफ्टीवाला

व्यवसायाने सेफ्टी ऑफिसर, वीस वर्षं झाली. चाकणकर, तुमची पेटी म्हणजे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं.

जुना कारखाने अधिनियम १९४८, कलम ४५. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी. नेमून दिलेल्या वस्तूंखेरीज पेटीत दुसरं काहीही ठेवायचं नाही (आयकार्डसुद्धा नाही!). प्रत्येक पेटीला एक वेगळी जबाबदार व्यक्ती, तिच्याकडे सरकारमान्य प्रथमोपचार प्रमाणपत्र, आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत कायम हाताशी हवी. पाचशेहून जास्त कामगार असतील तर प्राथमिक उपचारांचा वेगळा कक्षही हवा. हा कायदा आता २०२० च्या नव्या संहितेत विलीन झालाय, म्हणून कलमांचे आकडे बदललेत, पण 'कायम हाताशी' हे शब्द पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी विचार करूनच लिहिले होते. तुमच्याकडे पेटी होती, चावी होती, माणूस पण होता. तिन्ही एका वेळी एका ठिकाणी नव्हते.

प्रशिक्षणासाठी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसच्या जिल्हा शाखेकडे विचारा, मोठी रुग्णालयंही घेतात. कुणीही घेतलं तरी दोनच गोष्टी विचारा: बाहुल्या किती आणणार, आणि शिकवणार कुठल्या भाषेत. चार-पाच जणांमागे एक बाहुली नसेल तर नको म्हणा.

श्टुटगार्टची_सून

इकडे जर्मनीत गाडीचं लायसन्स काढायचं तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागतो. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, एका दिवसात. मी लग्न होऊन आले तेव्हा कटकट वाटली होती. शनिवारचा दिवस, तोडकंमोडकं जर्मन, आणि शेजारच्या अनोळखी आजोबांना कुशीवर वळवायचं. आजोबा शंभर किलोचे.

ऑफिसातही नियम आहे. हजर माणसं वीसहून जास्त असली की कचेरीत पाच टक्के आणि कारखान्यात दहा टक्के लोक प्रशिक्षित हवेत, आणि दर दोन वर्षांनी उजळणी. डोळ्यांसमोर कुणी संकटात असताना शक्य ती मदत केली नाही तर इथे गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

पण खरं सांगू? सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा हात भाजला त्यांचा. मी नळाखाली धरायला सांगेपर्यंत त्यांनी टूथपेस्ट फासलीही होती.

तिसरी_घंटा

टूथपेस्ट तरी बरी. आमच्याकडे शाई लावायचे. लहानपणी माझा हात कुकरच्या वाफेने भाजला तेव्हा आजीने दौतीतली अख्खी निळी शाई ओतली. डॉक्टरांना आधी शाई पुसावी लागली, मग जखम दिसली. त्यांनी आजीला विचारलं, "हिला मतदान करून आणलंत का?"

डॉ_अवांतर

सरकारी रुग्णालयात तातडीच्या विभागात असतो, म्हणून थोडं शिस्तीत लिहितो.

भाजलं तर नळाचं साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही, तूप नाही. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा. वीस मिनिटं फार वाटतात. लोक दोन मिनिटांत कंटाळून मलम शोधायला जातात.

चाकणकर, मावशींचं कौतुक आहेच, पण नशीबही होतं. साखर कमी झालेला माणूस शुद्धीत असेल, स्वतः पेला धरून गिळू शकत असेल तरच तोंडाने साखर द्यायची. 'हं' एवढंच म्हणणाऱ्याच्या तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा, ते फुफ्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ लावा. फिट आलेल्यालाही तेच. चप्पल नको, कांदा नको, दातांत चमचा तर मुळीच नको. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटांवर गेली तर वाट बघत बसू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. माणूस पडला, हाक मारली, खांदे हलवले, उत्तर नाही, श्वास नीट नाही, की हृदय बंद पडलंय असं धरा. 'नीट नाही' हे मुद्दाम लिहितोय. आचके देणं म्हणजे श्वास घेणं नव्हे. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं तोंड उघडतं-मिटतं, घशातून घरघर येते, आणि नातेवाईक म्हणतात, "श्वास चालू होता हो डॉक्टर, गाडीत बसेपर्यंत चालू होता." तो चालू नसतो. तिथेच छाती दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर मिनिट वाया गेला की वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबा.

ढब्बू_मिरची

डॉक्टर, याला मराठीत काय म्हणायचं? आमच्या एका परिपत्रकात 'हृदय-फुफ्फुस पुनरुज्जीवन प्रक्रिया' लिहिलं होतं.

डॉ_अवांतर

ते पूर्ण उच्चारेपर्यंत पेशंट गेलेला असतो. सीपीआर म्हणा.

एनसीसी_९४

वेग लक्षात ठेवायला सोपी युक्ती: 'तेज चल'. मिनिटाला १२० पावलं. शाळेच्या मैदानावर उन्हात दोन वर्षं घासलंय, मेलो तरी विसरणार नाही. बायपासनंतर वडिलांच्या हॉस्पिटलात नातेवाइकांसाठी वर्ग होता. तिथे मनात 'एक दोन एक' चालू केलं, बाहुलीचा दिवा लगेच हिरवा.

बोरकूट

मेलात तर दुसऱ्या कुणाला तरी आठवायला हवं ना :)

मीनल_ताई

मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी. पण आज लिहिते.

मुलाच्या शाळेत पालकांसाठी दोन तासांचा वर्ग ठेवला होता. मी गेले ते मैत्रिणीने ओढलं म्हणून. तिथे रबराचं बाळ हातात दिलं आणि पालथं कसं धरायचं ते करून घेतलं, एकदा नाही, प्रत्येकीकडून चार-चार वेळा. मला हसू येत होतं.

नंतर आठ महिन्यांनी, माझी लेक तेव्हा अकरा महिन्यांची. मोठ्या मुलाने खाली टाकलेलं द्राक्ष तिने तोंडात घातलं. मी ओट्याशी होते. आवाज आला नाही, हेच विचित्र वाटलं. वळून बघितलं तर तोंड उघडं, रडण्यासारखा चेहरा आणि रडू नाही. ओठ जांभळट व्हायला लागले होते.

मला त्या वर्गातला एकही आकडा आठवला नाही. खरंच नाही. पण हात आपोआप गेले. तिला डाव्या हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, बोटांनी जबडा धरला, आणि तळहाताच्या खुंटाने पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये. चौथ्या थापेला द्राक्ष फरशीवर पडलं. अख्खं. मग ती जी रडायला लागली ते पाऊण तास.

सासूबाई बोट घालून काढायला निघाल्या होत्या. मी त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. नंतर दोघीही रडलो, ती गोष्ट वेगळी.

जुना_खेळाडू, माझ्या अंगात धीर बिलकुल नाही. झुरळ दिसलं तर पलंगावर चढते.

डॉ_अवांतर

मीनलताई, दंडवत. वर्षाच्या आतल्या बाळाला पाच थापा पाठीवर, मग उताणं करून दोन बोटांनी किंवा तळहाताच्या खुंटाने छातीच्या हाडावर पाच दाब, पुन्हा थापा. पोट दाबायचं नाही. मोठ्यांना पाठीवर पाच, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके. दिसत नसलेली वस्तू बोटाने शोधायची नाही, आणखी आत जाते. आणि चाकणकर, दीड वर्षाची आहे ना? द्राक्षं उभी चार फाका करून द्या. शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोच.

जुना_खेळाडू

मीनलताई, माझं वाक्य मागे घेतो. धीराचं. फोटोचं नाही.

कुडाळकर_आबा

आमच्याकडे कोकणात हृदयापेक्षा पायाखालचं बघावं लागतं. माझ्या चुलत्याला भाताच्या उडव्यापाशी फुरसं चावलं तेव्हा सगळ्यांनी मांडीला सुंभाने करकचून आवळलं, ब्लेडने काप दिला. माणूस वाचला, पण पाय काळा पडला, पुढे दोन बोटं काढावी लागली. आता डॉक्टर म्हणतात आवळायचं नाही. मग विष वर चढत नाही का? आम्ही सत्तर वर्षं चुकीचं केलं म्हणायचं?

डॉ_अवांतर

आबा, चुलत्यांची बोटं फुरशाने घेतली की सुंभाने, हे आज सांगता येणार नाही, पण सुंभाचा हात नक्की असणार. फुरसं आणि घोणस यांचं विष रक्त आणि मांस नासवतं. ते एका जागी कोंडून वर रक्तपुरवठाही तोडला तर काय होणार? शिवाय दवाखान्यात दोरी सोडताच सगळं एकदम वर येतं. मोडलेल्या हाडाला फळी बांधतो तसा पाय न हलवता बांधायचा, सैलसर, चालू द्यायचं नाही, आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. एकच प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणू नका. आमच्या कॅज्युअल्टीत एकाने आणलेला मेलेला साप टेबलावर ओतल्यावर मेलेला नव्हता.

मण्यारीचं वेगळं सांगतो. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. घरचे म्हणतात झोप झाली नाही. गाडी काढा.

कुडाळकर_आबा

बरं. आणि विंचू?

डॉ_अवांतर

विंचवाचा विषय निघाला की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना नमस्कार करूनच पुढे जायचं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी चालते हे त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात बसून दाखवलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ती गोळी डॉक्टरने द्यायची, घरी नाही. थंडगार घाम आणि उलट्या सुरू झाल्या तर मंत्र म्हणत बसू नका.

विदर्भाचा_वाघोबा

कीटकनाशकाच्या फवारणीचं पण लिहा कोणीतरी. २०१७ ला यवतमाळात काय झालं ते आम्ही पाह्यलं आहे. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, वारा तोंडावर, अंगात बनियन. पोट्टे चक्कर येऊन पडाले लागले तर लोकं झाडाखाली बसवून लिंबूपाणी देत होते. कपडे तेच, विषाने ओले! आधी कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, अन् औषधाचा डबा नाहीतर त्याच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन दवाखान्यात जा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. शेतमजुराचं 'वर्कप्लेस' म्हणजे ते वावर आहे भाऊ, त्याले कोण ट्रेनिंग देते?

सेफ्टीवाला

वाघोबा, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी_घंटा

एक अडचणीचा मुद्दा काढू का? आमच्या ऑफिसच्या प्रशिक्षणात सगळ्या बाहुल्या पुरुषी छातीच्या. मी विचारलं, मी पडले तर कोण दाबेल? आठ पुरुष सहकारी एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "मॅडम, आधी लेडीज स्टाफला बोलवू." लेडीज स्टाफ म्हणजे मी आणि रिसेप्शनची मुलगी. हसण्यावारी गेलं, पण त्या दिवसापासून ते डोक्यात आहे.

डॉ_अवांतर

चांगलं केलंत विचारलंत. हात स्तनांवर ठेवायचेच नसतात, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवायचे. जागा तीच, दाब तोच. हे प्रशिक्षणात तोंडाने म्हणून घ्यायला हवं, सगळ्यांसमोर.

पुणेरी_शंका

आणि दाबताना बरगडी मोडली तर? किंवा माणूस गेला तर? पोलीस, कोर्ट, तारखा. रस्त्यावर अपघात दिसला की म्हणूनच लोक गाडी हळू करतात, बघतात आणि निघतात.

सेफ्टीवाला

ही भीती जुनी आहे, कायदा आता तसा नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करताना चूक झाली तरी दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि ज्याचं हृदय बंद आहे, त्याची बरगडी मोडून आणखी काय बिघडणार?

पुणेरी_शंका

शंका मिटली. (माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.)

ढब्बू_मिरची

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलंय की हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकायचं आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची. काकांच्या पाकिटात कायम पट्टी असते, लग्नात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतात.

डॉ_अवांतर

काकांचं पाकीट जप्त करा. रक्तदाब आधीच पडलेला असेल तर ती गोळी माणसाला आडवा करते. खोकून हृदय चालू होत नाही. छातीत आवळल्यासारखं, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं असेल तर बसवा, जिने चढवू नका, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, १०८.

चाकणकर

तीन आठवड्यांनी परत आलोय. माफ करा, मधे ऑडिट होतं.

झालं प्रशिक्षण. तुमच्यामुळे मी दोन गोष्टींवर अडून बसलो. चोवीस माणसं, सहा बाहुल्या, आणि शिकवणाऱ्या बाई मराठीत बोलणाऱ्या. त्यांनी तीन तासांत जेमतेम दहा स्लाइड दाखवल्या, बाकी वेळ सगळे जमिनीवर. पहिला शोध: पन्नाशीच्या पुढच्यांना गुडघ्यांवर दोन मिनिटं बसवत नाही. दुसरा शोध: दोन मिनिटं दाबून आमच्या जिमवाल्या पोरांना धाप लागली. बाहुलीच्या खांद्यातला हिरवा दिवा सर्वांत जास्त वेळ कुणी चालू ठेवला असेल? मावशींनी. म्हणाल्या, "रोज पंधरा किलोची कणीक मळते मी." (ढब्बू, पगारवाढीचं वर कळवलंय. कँटीन कंत्राटी आहे, त्यामुळे काय होईल ते बघू.)

तिसऱ्या पाळीचं राहिलंच होतं. बाईंनीच विचारलं, "रात्री तीन वाजता इथे कोण असतं?" दोन सिक्युरिटीवाले आणि फर्नेसवरचे सात जण. त्यांची बॅच पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला आहे. पेटीचं कुलूप काढलंय. सुपरवायझर म्हणाला बँडेज चोरीला जातील. मी म्हटलं जाऊ देत, महिन्याला दोनशे रुपयांची जातील.

घरी बाबांना तिसऱ्यांदा कुशीवर वळवलं तेव्हा ते तसेच झोपून गेले. आईला १०८ पाठ होतं, पण आमच्या इमारतीचं नाव आणि जवळची खूण फोनवर सांगता येईना. फ्रिजवर चिकटवलंय.

जुना_खेळाडू

चोवीस माणसं, सहा बाहुल्या. ठीक. समोसा होता का?

चाकणकर

बटाटेवडा. प्रात्यक्षिकानंतर. आधी दिला असता तर कुणी उठलं नसतं.

स्टोअर्स_७

नमस्कार, नवीन सदस्य आहे. चाकणकर साहेबांनी लिंक पाठवली. ताटावर कललेला इसम मीच. आता खिशात ग्लुकोज असतं आणि शेजारच्या दोघांना सांगून ठेवलंय.

एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय ते पेटीतलं पुसट फोटोचं आयकार्ड, त्याच्या मागे निळ्या पेनाने फोन नंबर लिहिलाय का? २०१९ ला पत्र्याने बोट कापलं तेव्हा पेटी उघडली होती, त्यानंतर माझं कार्ड सापडलंच नाही. नवीन काढायला पगारातून दोनशे रुपये कापले होते. ते परत मिळतील का?

चाकणकर

नंबर आहे. उद्या या, रीतसर अर्ज घेऊन.